टोमॅटो १२० वर गेला तेव्हा: सांगलीजवळच्या एका शेतावरच्या खानावळीचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीहून आष्ट्याकडं जाताना रस्त्याच्या कडंला, कृष्णेपासून फार लांब नाही अशा ठिकाणी ही जागा आहे. गावाचं आणि माणसांची नावं सांगत नाही, सगळे अजून तिथंच आहेत आणि रोज एकमेकांची तोंडं बघतात. चालवणाऱ्यांना इथं दादा आणि काकू म्हणते. मी आधी तिथं जेवायला जाणारी, मग काकूंशी ओळख वाढली आणि बँकेतली नोकरी सांभाळून रविवारी हिशोबाला बसायला लागले. त्यामुळं खाली जे आकडे आहेत ते माझ्याच वहीतले आहेत.

दादांचा मुळात सगळा ऊस होता. ऑगस्ट २०१९ ला पूर आला तेव्हा खालचं रान पाण्यात गेलं, परत जुलै २०२१ ला गेलं. दोनदा तेच बघितल्यावर त्यांनी रस्त्याकडच्या वरच्या तुकड्यात पत्र्याची शेड घातली आणि त्या वर्षीच्या हुरड्याच्या सीझनला जेवण सुरू केलं. चाळीस माणसं एकावेळी बसतात. पोरगा हॉटेल मॅनेजमेंट करून आलेला, त्यानं अमेरिकेतल्या बर्कलीमधल्या त्या शे पनीस नावाच्या रेस्टॉरंटबद्दल सांगितलं होतं, १९७१ पासून चालू आहे आणि जवळच्या शेतातून जे येईल त्यावर त्या दिवसाचं जेवण ठरतं. काकूंना ते ऐकून काही नवीन वाटलं नाही, त्या म्हणाल्या आपल्या घरात दुसरं काय होतं.

बाजूला दर रविवारी बाजार भरतो, सकाळी ९ ते २. तेव्हा आजूबाजूच्या पाच गावांतले ११ शेतकरी बसायचे. फळं-भाजीपाला २०१६ ला राज्य सरकारनं नियमनमुक्त केला, म्हणजे मार्केट यार्डातच नेऊन विकला पाहिजे असं राहिलं नाही, पणन मंडळाचे शेतकरी आठवडे बाजारही भरायला लागले, त्यामुळं असा बाजार भरवायला अडचण आली नाही. दादा जागेचं भाडं घेत नाहीत. त्याबदल्यात एवढंच की किचनला लागणारा माल ह्याच ११ जणांनी ठरलेल्या भावात द्यायचा.

इथल्या जेवणाची मजा काय आहे ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ताटात ज्वारीची भाकरी, कृष्णाकाठच्या वांग्याचं भरलं वांगं, आमटी, हिरव्या मिरचीचा खर्डा, शेंगदाण्याची चटणी, कोशिंबीर, ताक, भात. आणि आमच्या भागात पाहुण्यांना हमखास खिलवतात तो अख्खा मसूर. थाळी तेव्हा १८० रुपये. जेवून हात धुवून बाहेर आलं की ज्या मावशींच्या शेतातलं वांगं आत्ता खाल्लं त्याच मावशी समोर पोतं अंथरून बसलेल्या असतात, त्यांच्याकडनं किलोभर वांगी घेऊन माणूस घरी जातो. ताटातली भाजी आणि पोत्यावरची भाजी एकच, हे लोकांना फार आवडतं. मलाही तेच आवडलं होतं. आणि भांडण पण तिथूनच निघालं.

भाव दर पाडव्याला ठरायचे. २२ मार्च २०२३ च्या पाडव्याला टोमॅटोचा भाव ठरला २२ रुपये किलो, वर्षभर. तेव्हा यार्डात टोमॅटोला सहा-सात रुपये मिळत होते, अडत म्हणजे दलाली, हमाली, भाडं वजा जाता पट्टी म्हणजे विक्रीची पावती हातात आली की तोडणीची मजुरी सुद्धा निघत नव्हती. लोकांनी उभ्या पिकात जनावरं सोडली होती. त्या हिशोबानं २२ म्हणजे चांगलाच भाव, आणि दादांनाही वाटलं की आपण शेतकऱ्याचं भलं करतोय. हे वाटणं लक्षात ठेवा, पुढं त्याचाच त्रास झाला.

टोमॅटो देणारे तिघं. एक तात्या, वय झालेले, दादांच्या वडलांपासूनचे संबंध. दुसऱ्या मावशी, नवरा वारलेला, १२ गुंठे खंडानं, म्हणजे भाड्यानं, घेतलेलं रान आणि त्यात टोमॅटो सोडून दुसरं काही नाही. तिसरा एक तरुण, ठिबक-मल्चिंग करून नीट शेती करणारा, दादांना काका म्हणणारा.

अडचण

मार्च-एप्रिलला भाव पडला म्हणून पुढची लागण, म्हणजे रोपांची लावणी, कमी झाली, त्यात उन्हाळ्यातली उष्णता आणि व्हायरस, आणि जून संपता संपता देशभर टोमॅटोचे भाव उडाले. जुलैमध्ये १०० च्या वर गेले, केंद्र सरकारला स्वस्त टोमॅटो विकायला गाड्या उभ्या कराव्या लागल्या, हे सगळ्यांना आठवत असेल. आमच्या बाजारात २ जुलैच्या रविवारी ८० ला विकला, ९ जुलैला १२०.

त्या ९ तारखेला कोल्हापूरचं एक कुटुंब जेवून बाहेर आलं. आत वाढप्यानं टोमॅटोची कोशिंबीर तीनदा वाढली होती. बाहेर मावशींनी १२० सांगितल्यावर त्या बाई म्हणाल्या, अहो आत तर फुकट वाढतायत, तुम्ही लुटताय का. मावशी बोलून गेल्या, "आतला माल बावीसनं गेलाय बाई. मी न्हाई लुटत, मलाच लुटलंय." आजूबाजूला पंधरा-वीस माणसं उभी होती. सगळ्यांनी ऐकलं. दादांनी पण.

दादांना ते फार लागलं. मार्चमध्ये सहाचा भाव असताना बावीस दिले तेव्हा कुणी काही बोललं नाही आणि आता लुटलं म्हणतात, असं ते दोन दिवस बोलत होते. मावशींच्या बाजूनं बघितलं तर जूनमध्ये पोरांच्या शाळेचा खर्च झालेला, खंडाचे पैसे द्यायचे राहिलेले, आणि समोर दिसतंय की जो किलो शेडमध्ये बावीसला जातो तोच दहा पावलांवर १२० ला जातो. मला दोघांचंही खरं वाटत होतं.

पुढच्या रविवारी, १६ जुलैला, किचनची ऑर्डर होती ६० किलोची, आलं २५ किलो. त्यातही तडकलेलं, बारीक, शेंड्याचं जास्त. झाडाला मालच नाही असं तिघांनीही सांगितलं. पण बाहेर तरुणाच्या पुढ्यात भरलेली तीन कॅरेट होती आणि एक कॅरेट म्हणजे २० किलोच्या वर. दादांनी बघितलं, त्यानंही बघितलं की दादांनी बघितलं. कुणी काही बोललं नाही. माझ्या मते नातं खरं तुटलं ते त्या दिवशी, ९ तारखेला नाही.

कोणकोणते पर्याय होते

मंगळवारी १८ तारखेला संध्याकाळी दादा, काकू, पोरगा आणि मी बसलो. शेतकऱ्यांना बोलवायच्या आधी आपलं काय म्हणणं आहे ते ठरवू असं दादा म्हणाले. (हे चुकलं, त्याबद्दल शेवटी.)

पहिला विचार दादांचा, शब्द म्हणजे शब्द, बावीसनंच द्यायचं, नसेल जमत तर जागा सोडा. कागदावर काही नव्हतं, फक्त पाडव्याला डायरीत लिहिलेली ओळ. आणि जबरदस्ती केली तर माल येणार तो तडकलेलाच येणार, हे १६ तारखेला दिसलंच होतं.

दुसरा, बाजारभाव द्यायचा. ह्याचा हिशोब मी मांडला. आठवड्याला ६० किलो, किलोमागं ९८ रुपये जादा, म्हणजे ५,८८० रुपये. आठवड्याला साधारण ३५० थाळ्या जातात, थाळीमागं जवळपास १७ रुपये. सगळा खर्च जाऊन एका थाळीत हातात तीसेक रुपये राहतात, त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या टोमॅटोत जाणार. पोरगा म्हणाला थाळी २०० करू. काकू नको म्हणाल्या, कारण एकदा वाढवलेली थाळी परत कमी होत नाही आणि भाव तर दोन महिन्यांत पडणार.

तिसरा, यार्डातून आणायचा. तिथंही भाव चढलेलाच, त्यात फायदा काही नव्हता. आणि दारावर बोर्ड होता, "पाच गावांतलं, पाच गावांतल्या हातचं". तो बोर्ड लावून यार्डातली कॅरेट मागच्या दारानं आत घ्यायची हे काकूंना चालणार नव्हतं.

चौथा काकूंचा. त्या म्हणाल्या टोमॅटो एवढा लागतोच कशाला. आमटीला माझी सासू चिंच-गूळ घालायची, साराला आमसूल, वांग्याला तर टोमॅटो घालायचंच नाही, तिथं दाण्याचा कूट, तीळ आणि कांदा-लसूण मसाला. हॉटेलसारखी ग्रेव्ही करायची सवय पोरानं लावली, आणि टोमॅटो सहा रुपयांना मिळत होता म्हणून आपण पण घालत गेलो. हे ऐकून मला खरंच डोक्यात प्रकाश पडला, कारण तोपर्यंत आम्ही सगळे ६० किलो हा आकडा ठरलेलाच धरून भांडत होतो, भाव बदलायचा की शब्द पाळायचा एवढंच बोलत होतो.

पण ह्यातही एक अडचण होती. जुलैमध्ये टोमॅटो बंद केला तर शेतकऱ्यांचं काही बिघडत नाही, उलट सगळा १२० ला विकतील. मग सप्टेंबरला भाव पडल्यावर ते आपल्याकडं येणार तेव्हा आपण कोणत्या तोंडानं नाही म्हणायचं, किंवा कोणत्या तोंडानं हो म्हणायचं. नातं असं एका बाजूनं चालत नाही.

काय केलं

दोन दिवस काकूंनी नुसतं करून बघितलं. चिंचेची आमटी लगेच जमली. कोशिंबीर काकडी आणि दह्यातल्या कांद्याची केली. साराचं आमसुलावर भागलं. अख्खा मसूर मात्र टोमॅटोशिवाय बसेना, दही घालून केला, चिंच घालून केला, कांदा वाढवून केला, चव येते पण लोकांना जो अख्खा मसूर माहीत आहे तो होत नाही. शेवटी ठरलं की तो फक्त रविवारी करायचा. गरज ६० वरनं २० किलोवर आली.

गुरुवारी तिघांना बोलावलं. तरुण आला नाही. तात्या आणि मावशी आल्या. दादांनी सुरुवातीलाच सांगितलं की बावीसचा भाव मी सोडतोय, आता तुम्ही सांगा. त्यांना हे बोलायला जड गेलं, पण ते बोलले म्हणून पुढची बैठक झाली असं माझं मत आहे.

तास-दीड तास चर्चा होऊन जे ठरलं ते असं. त्या रविवारी बाजारात जो किरकोळ भाव असेल त्यातनं एक तृतीयांश कमी करून किचनचा भाव. कमी का, तर किचन लहान-मोठं निवडत नाही, सगळा माल एकदम घेतं, दिवसभर बसून विकायचे कष्ट वाचतात, आणि बसायची जागा फुकट आहे. पण हा भाव ६० च्या वर जाणार नाही आणि १५ च्या खाली येणार नाही. आणि भाव त्या १५ ला टेकला की किचन २० ऐवजी ४० किलो उचलणार.

साठची मर्यादा आल्यावर तात्या गप्प बसले. मावशी म्हणाल्या, "साठनं द्यायला माझी ना न्हाई. पण पाडला भाव तवा पंधरानं उचलनार हे लिवून द्या. तवा मागनं म्हनू नका आमाला माहीतच न्हवतं." दादा म्हणाले माझ्या शब्दावर विश्वास नाही का. मावशी म्हणाल्या, "इस्वास हाय दादा, पन डायरी तुमच्या घरात हाय." मग दोनशे पानी वही आणली, दोन्हीकडनं सह्या झाल्या, एक झेरॉक्स मावशींकडं, एक तात्यांकडं. मला विचाराल तर ह्या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात कामाची गोष्ट ती झेरॉक्स आहे.

गिऱ्हाइकांना सांगण्यात मात्र आम्ही घोळ घातला. पोरानं दाराशी पाटी लावली, "टोमॅटो महाग असल्यामुळे काही पदार्थ उपलब्ध नाहीत". शेतावर जेवायला आलेल्या माणसाला ही पाटी बघून काय वाटणार? शेत तुमचं, शेतकरी तुमचे, आणि महाग कसला. त्याच आठवड्यात मिरजेच्या एका नेहमीच्या कुटुंबाचं शनिवारचं १२ जणांचं बुकिंग होतं, खास अख्ख्या मसूरासाठी, त्यांना आधी फोन करायचा कुणाला सुचलं नाही. ते आले, बसले, मसूर नाही कळल्यावर उठून गेले. त्यांच्याबरोबर एक म्हातारी आजी होत्या, त्यांना परत गाडीत बसवताना बघून काकूंना फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन करून माफी मागितली, पण ते लोक पुढं तीन महिने आले नाहीत.

मग पाटी काढून मोठा फळा लावला. त्यावर दर रविवारी खडूनं लिहायचं, ताटात आज काय आहे, कुणाच्या रानातलं, आणि किचननं किती रुपये किलोनं घेतलं. शेवटची गोष्ट मी धरून ठेवली, दादांना ती नको होती. किंमत कशाला सांगायची, गिऱ्हाईक उलटा हिशोब करील असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं ९ तारखेला गिऱ्हाइकानं तो हिशोब केलाच की, फक्त अर्धाच कळला म्हणून वाईट दिसला.

फळा लिहायला बसल्यावर आणखी एक गोष्ट बाहेर आली जी आम्ही सगळ्यांनी दोन वर्षं नजरेआड केलेली. मसूर कुठला? आमच्याकडं पिकत नाही, तो बहुतेक मध्य प्रदेश-उत्तर प्रदेशातनं येतो, आपण सांगलीतल्या दुकानातनं घेतो. तांदूळ आमचा नाही. मीठ नाही. आणि श्रावणात शिराळ्याच्या बाजूच्या बायका भारंगी, कुर्डू, तांदुळजा असल्या रानभाज्या घेऊन यायच्या, त्याही पाच गावांच्या बाहेरच्या. म्हणजे "पाच गावांतलं" हा बोर्ड पहिल्या दिवसापासून पूर्ण खरा नव्हता. काकूंनी त्याच संध्याकाळी तो उतरवला. फळ्यावर आता मसुरापुढं "बाहेरचा, सांगलीच्या दुकानातून" असं लिहिलेलं असतं, हळद, शेंगतेल, ज्वारी, वांगी, दूध ह्यांच्यापुढं गावाचं नाव असतं. एकाही गिऱ्हाइकानं मसुरावरून तक्रार केलेली मी ऐकलेली नाही.

सप्टेंबर

टोमॅटोची रोपं लावल्यावर साधारण दोन-सव्वादोन महिन्यांनी पहिला तोडा, म्हणजे पहिली तोडणी, येतो. जुलैचा भाव बघून ज्यानं त्यानं लागण केली, आणि सप्टेंबरला सगळ्यांचा माल एकदम आला. ३ सप्टेंबरला बाजारात ३० रुपये होता, १० ला २०, महिनाअखेर १० ला कुणी विचारेना, यार्डात त्याहून कमी.

वहीतलं कलम लागू झालं. १० सप्टेंबरपासून किचन १५ रुपयांनी ४० किलो घ्यायला लागलं, तात्यांकडनं २०, मावशींकडनं २०. दादांनी एकदाही कुरकुर केली नाही. पण बाजारात बसणारे बाकीचे पाच जण, ज्यांनी जुलैत पहिल्यांदाच टोमॅटो लावला होता, ते पण कॅरेट घेऊन दारात उभे, आमचं पण घ्या. एका रविवारी मी मोजलं, चारशे किलोच्या आसपास माल होता आणि किचनला लागणार ४०.

आणि तो तरुण आला. त्यानं जुलै-ऑगस्टला सगळा माल यार्डात घातला होता, चांगले पैसे केले, त्यात चूक काही नाही, त्याच्या घामाचा माल. आता म्हणाला काका वीस किलो माझं पण बसवा वहीत. दादा म्हणाले वहीवर तुझी सही नाही. तो काही न बोलता गेला, आणि पुढच्या रविवारपासून बाजारात बसायचं पण बंद झाला.

जादा मालाचं काय करायचं ह्यावर दोन प्रयोग केले. एक बरा झाला, एक फसला. बरा झालेला म्हणजे टोमॅटो उकडून, गाळून, आटवून डीप फ्रीझरला टाकला, बाकीच्या पाच जणांकडनं १० रुपयांनी एकदाच ९० किलो घेतला होता, तो किचनला डिसेंबरपर्यंत पुरवून वापरला. बाटलीत भरून बाजारात विकू असं पोराच्या डोक्यात होतं, पण जेवण विकायचं फूड लायसन असलं म्हणून सॉस बनवून विकता येत नाही, त्याची वेगळी नोंद, लेबल, बॅच नंबर सगळं लागतं, ते आठ दिवसांत होणारं नव्हतं. करायचं असेल तर ते एप्रिलमध्येच सुरू करावं लागतं.

फसलेला प्रयोग वाळवणाचा. आमच्या जिल्ह्यात पूर्वेकडं बेदाण्याची शेडं आहेत, जाळ्यांचे मजले, वरनं सावली, फेब्रुवारी ते एप्रिल भरलेली आणि मग मोकळी. दादांच्या पाहुण्यांचं असं एक मोकळं शेड होतं. त्या वर्षी ऑगस्ट अगदी कोरडा गेलेला, त्यामुळं वाटलं जमेल. दोन कॅरेट टोमॅटो कापून, मीठ लावून जाळीवर पसरला. पण सप्टेंबरची हवा ती सप्टेंबरचीच, चौथ्या दिवशी ढग आले आणि कापांना बुरशी धरली. सगळं फेकलं. टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणीच असतं, वाळला असता तरी ४० किलोचा अडीच-तीन किलोच्या पुढं झाला नसता. गाडीभाडं सुद्धा निघालं नसतं. हे कापायला बसायच्या आधी मांडायला पाहिजे होतं आणि ते काम माझं होतं.

परिणाम

जुलैअखेर ते ऑगस्टअखेर सहा रविवार, २० किलोप्रमाणे, जुन्या भावापेक्षा जादा गेले ३,८२० रुपये. १० सप्टेंबर ते ऑक्टोबरअखेर आठ रविवार, ४० किलोप्रमाणे, यार्डातनं आणला असता त्यापेक्षा जादा गेले अंदाजे २,५०० रुपये. दोन्ही मिळून साडेसहा हजाराच्या आत, साडेतीन महिन्यांत. त्या काळात थाळ्या गेल्या पाच हजाराच्या आसपास, म्हणजे थाळीमागं सव्वा रुपया.

हा आकडा मी दिवाळीच्या आधी दादांना दाखवला तेव्हा ते बराच वेळ वहीकडं बघत बसले. ज्याच्यावरनं जागा सोडा म्हणण्यापर्यंत गोष्ट गेली होती ती सव्वा रुपयाची होती. मिरजेच्या लोकांचं एक बुकिंग गेलं त्यातच २,१६० गेले.

मावशींनी खंडाचे पैसे ऑगस्टमध्ये फेडले. त्यांनी स्वतःच सांगितलं की बाजारात विकून जे मिळालं त्यातनं फेडले, किचनच्या पैशातनं नाही, पण सप्टेंबरला घर चाललं ते पंधराच्या भावावर. तात्यांनी फक्त एवढंच म्हटलं की पहिल्यांदा कुणीतरी पडत्या भावात शब्द पाळला. बाजारात येणारी माणसं कमी झाली नाहीत. काकूंची चिंचेची आमटी तशीच राहिली, भाव पडल्यावरही परत टोमॅटो घातला नाही, लोक वाटी परत मागतात.

तरुण परत आला नाही. सांगलीत दुसरीकडं गाडी लावून विकतो असं ऐकलं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, मार्चला भाव ठरवताना. बाजार सहावर असताना बावीस देणं हे चांगलं वाटतं, पण त्यात एक गोष्ट होते, देणाऱ्याला वाटतं मी उपकार केले आणि घेणाऱ्याला तेव्हा नाही म्हणता येत नाही. एकच भाव वर्षभर हे टोमॅटोसारख्या मालाला चालतच नाही. हळदीचं वेगळं, ती नऊ महिन्यांनी एकदा निघते, वाळवून ठेवता येते, भाव आला की विकता येते. टोमॅटो तोडला की चार दिवसांत विकायचाच. वरची आणि खालची मर्यादा पाडव्यालाच ठरली असती तर जुलैत कुणाला तोंड लपवून तडकलेला माल द्यायची वेळ आली नसती.

दुसरं, १८ तारखेला आम्ही चौघंच बसलो ते. आपलं आधी ठरवू ह्या विचारानं दोन दिवस गेले, आणि त्या दोन दिवसांत तरुणापर्यंत निरोप गेला की दादा जागा सोडा म्हणणार आहेत. कुणी सांगितलं माहीत नाही, शेडमध्ये बोललेलं शेडमध्ये राहत नाही. गुरुवारी तो आला नाही त्याचं कारण तेच असणार. सातही जण एकत्र बसलो असतो तर कदाचित त्याचीही सही झाली असती.

सप्टेंबरला त्याला नाही म्हटलं ते बरोबर की चूक, ह्यावर माझं आणि दादांचं अजून जमत नाही. दादांचं म्हणणं, वाढत्या भावात बाहेर आणि पडत्या भावात आत असं चालू दिलं तर मावशींनी साठनं माल दिला त्याला अर्थ काय राहिला. हे पटतं. पण माझं म्हणणं, वीस नाही तर पाच किलो घेऊन, पुढच्या पाडव्याला ये असं तरी म्हणायला पाहिजे होतं. तीन वर्षं रोज काका म्हणणारा पोरगा होता तो.

लागणीचं पण आधीच ठरवता आलं असतं. किचनला वर्षभर आठवड्याला वीस-चाळीस किलो लागतो आणि एका लागणीचा तोडा दीड-दोन महिने चालतो, तर तिघांनी वीस-वीस दिवसांच्या फरकानं लावलं तर सगळ्यांचा माल एकदम येत नाही. २०२४ च्या पाडव्याला, ९ एप्रिलला, वहीत हे पहिल्यांदा लिहिलं गेलं. कुणी कधी लावायचं, कोणत्या महिन्यात कुणाकडनं किती.

वांग्याचं मात्र अजून ठरलेलं नाही. भोगीच्या आठवड्यात वांग्याला मागणी चढते, सगळ्यांना भोगीच्या भाजीला तेच पाहिजे असतं, आणि किचनला पण त्याच दोन दिवसांत सगळ्यात जास्त गर्दी. मावशींनी पाडव्याला विचारलं की टोमॅटोसारखंच वांग्याचं लिहायचं का. दादा म्हणाले बघू. मी वहीत त्यासाठी एक पान मोकळं ठेवलंय.